हिरवीचा भाव

जुन्या गाड्यांचा पारखी सकाळीच यायचा होता, म्हणून अण्णांनी आदल्या दिवशी फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं, अंगणातला गळका नळ बदलला, गॅरेजसमोरची फरशी पाण्याने धुऊन काढली. गॅरेजच्या आत मात्र पाऊल टाकलं नाही.

तसं ते गॅरेज त्यांनीच बांधलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींवर देखरेख केलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने रचलेल्या विटा एवढ्याच. थोरल्या बहिणीने, अक्काने, पन्नाशीच्या अलीकडे असताना दोन आसनांची ती लांब नाकाची गाडी आणली, तेव्हा तिच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून ते उभारलं होतं. त्याच दिवसांत कधीतरी ते गाडीकडे बघून म्हणाले होते, "अक्का, नाकापेक्षा मोती जड झाला." अक्का हसली होती. पण त्या वाक्यानंतर तिने त्यांना गाडीत बस म्हटलं नाही, आणि त्यांनीही बसतो म्हटलं नाही. गाडीचा रंग दाट झाडीसारखा, म्हणून अण्णांच्या मुलांनी तिचं नाव हिरवी ठेवलं. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, अक्का इस्पितळातून निवृत्त झाली, आणि अण्णा अजूनही गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर उभे राहूनच आत बोलायचे.

आता त्या गॅरेजचीच खोली करायची वेळ आली होती. गेल्या हिवाळ्यात अक्का वरच्या मजल्यावरून उतरताना जिन्यात पडली. हाड सांधलं, पण डोळे सांधण्यासारखे नव्हते. पडद्याचा मधला भाग झिजत चाललेला. समोर बघितलं की तिथे धुकं, कडेचं तेवढं दिसे. थोरलीचं, म्हणजे अण्णांच्या मुलीचं, रोजचं कामच पडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करण्याचं. तिने जिना डोळ्यांनी मोजला आणि सांगून टाकलं की आत्याला खाली आणा, नाहीतर पुढच्या खेपेला मी जे करते ते पुरायचं नाही. खाली मोकळी जागा एकच होती. तिथे हिरवी उभी होती.

हिरवीला कुठे न्यायचं, यावरून गेले काही महिने घोंगडं भिजत पडलेलं. थोरली म्हणत होती, विकून टाका. त्या पैशात आत्याची खोली होईल आणि दिवसरात्र सोबतीला बाई ठेवता येईल. धाकट्याचं, म्हणजे मुलाचं, म्हणणं उलटं. तो गुंतवणुकीचे सल्ले देणाऱ्या कंपनीत होता. काय धरून ठेवावं आणि काय सोडावं, हे लोकांना सांगण्यावर त्याचं घर चालायचं. त्याने एक गोदाम शोधलं होतं. तिथे हवा कोरडी ठेवतात, टायरांवर भार नको म्हणून गाड्या टेकूवर उचलून ठेवतात, आणि भाड्याच्या बदल्यात मालकीत थोडा हिस्सा घेतात. दहा वर्षं थांबायचं, असं तो म्हणत होता. एरवी अण्णा धाकट्याच्या बाजूचे असत आणि मुलांची आई थोरलीच्या. या बाबतीत अण्णा थोरलीकडे गेले होते आणि आईने ताकास तूर लागू दिली नव्हती. आत्या, म्हणजे जिची गाडी ती अक्का, एवढंच म्हणाली होती, "आधी भाव तर कळू दे."

*

पारखी अंगाने बारीक आणि बोलायला मऊ निघाला. त्याने बूट बाहेर झटकले, आत्याला "डॉक्टर" म्हणून नमस्कार केला आणि खोळ काढायची परवानगी मागितली. खोळ मागे सरकत गेली तसा धाकटा नकळत दोन पावलं पुढे आला. थोरलीने ते पाहिलं.

पारख्याने गाडीला आधी हात लावलाच नाही. एकदा सगळीकडून फिरून आला. मग काडेपेटीएवढं एक यंत्र काढून तो ते पत्र्यावर जागोजाग टेकवू लागला. रंगाची जाडी कळते म्हणे त्याने. दारं, छत, मागची बाजू, सगळीकडे त्याचा चेहरा समाधानी. पुढच्या डाव्या मडगार्डवर मात्र तो थांबला.

"इथे नंतर रंग दिलाय."

"फाटकाच्या खांबाने धडक दिली," आत्या म्हणाली.

आईला त्याच क्षणी चहाचं आधण आठवलं आणि ती घरात गेली. अण्णा छताकडे बघत राहिले. त्या वर्षी खांबाचा उडालेला टवका त्यांनीच सिमेंटने भरला होता, आणि खांब जागचा कसा हलला असेल, हे त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं.

बाकी सगळं अस्सल होतं. इंजिनावरचा नंबर, काचांवरचे शिक्के, आसनांचं तपकिरी कातडं, डिकीतला पाना आणि स्क्रूड्रायव्हरसुद्धा. पारख्याने खाली आडवं होऊन टॉर्चने बुडाखालचा पत्रा पाहिला, गंजाचा ठिपका कुठे सापडतो का ते बघितलं, आणि उठताना अंगावरची धूळ न झटकताच बोलायला लागला. त्याच्या बोलण्याचा मतलब असा होता की या बांधणीच्या गाड्या मुळातच थोड्या निघाल्या, आणि त्यांतलाही हा शेवटच्या वर्षाचा माल. पुढच्या मॉडेलला कंपनीने टर्बो लावला, त्याच्या पुढच्यात गिअरची दांडीच काढून टाकली. टर्बोविना मोकळा श्वास घेणारं इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर एकत्र असलेली ही शेवटचीच. आणि मीटरवरचा आकडा वयाच्या मानाने फारच लहान.

"गेली तीन वर्षं आम्ही तो वाढूच दिला नाही," धाकटा म्हणाला.

"चांगलं केलंत. हल्ली काही मालक तर गाडी धुवायलासुद्धा ट्रकवर चढवून नेतात."

"मग ती चालते कधी?" आत्याने विचारलं.

"चालत नाही, डॉक्टर. वाढते."

आत्या मनापासून हसली. धाकट्याने मात्र वहीपेन नसतानाही लिहून घेतल्यासारखी मान हलवली आणि मुद्द्याचं विचारलं. पुढची दहा वर्षं कशी दिसतात? पारख्याने हात रुमालाला पुसले. हा प्रश्न त्याला सगळेच विचारत असावेत, कारण उत्तर द्यायला त्याला शोधावं लागलं नाही.

"साहेब, माणसाचं घर होतं, मुलं मार्गी लागतात, हातात चार पैसे खुळखुळायला लागतात, आणि मग तो एक गाडी शोधायला निघतो. कुठली? शाळेत असताना जी त्याच्या समोरून निघून गेली ती. या गाडीच्या वेळची शाळकरी पोरं आज चाळिशीत आहेत. म्हणून भाव चढतोय. अजून दहाबारा वर्षं चढेल. मग ती पोरं म्हातारी होतील, गुडघे कुरकुरतील, इतकं खाली वाकून बसणं जमणार नाही. आणि त्यांच्या पोरांनी क्लच पाहिलेलाच नसेल. त्यांना ही कशाला हवी? आमच्या वडिलांच्या वेळच्या चकचकीत बंपरच्या गाड्या बघा. गाड्या तशाच आहेत, गिऱ्हाइकं गेली. भाव बसला."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने आजवर हिरवीबद्दल घरात जे जे मांडलं होतं, त्यात आलेख होते, टक्के होते, दुसऱ्या देशांतल्या लिलावांचे आकडे होते. आणि हा माणूस त्याच्याकडे न बघता त्याचंच वर्णन करत होता. शाळेतून आल्यावर दप्तरासकट तो या गॅरेजच्या दारात बसून राही. आत्या इस्पितळातून परतायच्या आधी गॅरेज झाडून ठेवी, आणि बक्षीस म्हणून त्याला चालकाच्या जागी बसून चाक धरायला मिळे. इंजिन बंद असे. तोंडानेच आवाज काढावा लागे.

पारख्याने एका कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून आत्यापुढे धरला. आत्याने कार्ड डोळ्यांसमोर धरलं, मग मान वळवून कडेने बघायचा प्रयत्न केला.

"मला तुमचा अंगठा दिसतोय," ती म्हणाली. "आकडा कुणीतरी वाचा."

थोरलीने वाचला. तिच्या स्वतःच्या फ्लॅटची निम्मी किंमत होती ती. अण्णांनी उंबऱ्याबाहेरून पुन्हा विचारून खात्री करून घेतली. पारखी म्हणाला की एक गिऱ्हाईक तयार आहे, महिनाअखेरपर्यंत थांबेल. फक्त मीटर आज आहे तिथेच असला पाहिजे. पुढे वाढला तर त्या मानाने आकडा खाली येईल. चहा पिऊन, आईच्या हातच्या चहाचं कौतुक करून तो गेला.

*

जेवणानंतर टेबल आवरलंच नाही. ताटं एका कडेला सरकवून सगळे तसेच बसून राहिले. थोरली आणि धाकटा लहानपणी सायकलवरून भांडत तसंच भांडत होते, फक्त आवाज खाली ठेवून. त्याने सांगितलं की चढत्या भावात विकणं म्हणजे कैरी तोडून खाणं. तिने सांगितलं की आंब्याची वाट बघायला झाडाखाली माणूस उभा राहू शकला पाहिजे. त्याने गोदामाचं गणित पुन्हा मांडलं. तिने विचारलं की दहा वर्षं आत्या कुठल्या जिन्याने उतरणार आहे. यावर त्याने पाण्याचा पेला उचलला, आणि अण्णांनी ती संधी साधून आपला कौल दिला. गाडी विकावी, गॅरेजला रुंद दार काढावं, बिनउंबऱ्याचं न्हाणीघर करावं. नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होता.

आत्या ऐकत होती. चाळीस वर्षं तिने माणसांना भूल दिली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती डॉक्टर आपसांत कसे बोलतात आणि मधे आडवं पडलेलं माणूस कसं हिशेबाबाहेर असतं, हे तिने खूप पाहिलं होतं. आज ती स्वतः तशी आडवी होती. तिला राग आला नाही. बोलणारी माणसं आपली आहेत, एवढं तिला पुरत होतं. पण आपल्याला काय हवंय, हे तिला स्वतःलाही नीट ऐकू येत नव्हतं.

"मला विचाराल तर विकू नये," आई म्हणाली.

आईला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ती ते टेबलाच्या पुसून झालेल्या भागावरूनच फिरवत होती.

अण्णांना आधी वाटलं, ती धाकट्याची कड घेतेय. "म्हणजे गोदामात ठेवायची?"

"गोदामात तर मुळीच नाही."

"मग? खोलीचं काय?"

"खोली आमच्या झोपायच्या खोलीत करा. आपण वर जाऊ. माझे पाय अजून धड आहेत."

हे इतक्या दिवसांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. थोरलीने लगेच नाही म्हटलं. त्या खोलीला लागून न्हाणीघर निघत नव्हतं, भिंत भार पेलणारी होती, आणि हे अण्णांनीही नाइलाजाने कबूल केलं. आईने ऐकून घेतलं. फडकं घडी घालून ठेवलं.

"मला गुरुवार हवेत," ती म्हणाली.

मुलांना गुरुवार ठाऊक होते. आत्याची अर्ध्या दिवसाची सुट्टी गुरुवारी असे. आई दुपारची कामं उरकून, केस सारखे करून गॅरेजच्या दारात उभी राही आणि नणंद-भावजय हिरवीतून नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत येत. लहानपणी मुलांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. दोनच आसनं होती. तिसऱ्याने हट्ट करायला जागाच नव्हती. आईला गाडी शिकवली तीही आत्याने, बंद पडलेल्या गिरणीच्या मोकळ्या आवारात, हिरवीवरच. नंतर घरची छोटी गाडी घेतल्यावर बाजारहाट, दवाखाने, मुलांच्या शाळा हे सगळं आईने त्याच शिकवणीवर केलं. पण आत्याने तीन वर्षांपूर्वी डोळ्यांपायी परवाना परत केला, तेव्हा गुरुवार संपले असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं.

ते संपले नव्हते. आई आता सांगत होती. दर गुरुवारी दोघी गॅरेजचं दार सताड उघडतात. आई चालकाच्या जागी बसते, वन्सं शेजारी. इंजिन चालू करायचं, गरम होऊ द्यायचं, काटा मधोमध आला की बंद करायचं. तेवढ्या वेळात दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बोलतात. कधी बोलतही नाहीत. मग काचा वर करून, खोळ घालून घरात येतात.

"बाहेर का नाही काढली?" थोरलीने विचारलं. "तुला तर येते."

आई धाकट्याकडे बघणार नाही असं ठरवून बसली असावी, पण नजर गेलीच.

"मीटर वाढवू नका म्हणाला होतास ना."

खरंच म्हणाला होता. त्याला ती दुपारही आठवत होती. फोनवर, दुसरं काहीतरी करता करता, एका वाक्यात सांगून टाकलं होतं. रोज दहा जणांना असं काहीबाही सांगत असे तो. त्यातलं कोण ऐकतं, याची त्याला कधी कल्पना नसे.

"आई, मला सांगायचं तरी."

"तू हुशार आहेस त्यातला. म्हटलं, असेल काहीतरी."

थोरलीला भावाचा राग यायला हवा होता, पण त्याचा चेहरा बघून आला नाही. सकाळी खोळ निघताना तो कसा पुढे सरकला होता, ते तिला आठवलं, आणि हे दहा वर्षांचं, गोदामाचं, टेकूंचं सगळं लचांड तो का मांडून बसलाय, ते तिला एकदम कळलं. विकली की गेली. त्याला ती विकत घेणं झेपणारं नव्हतं. दोन मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते. ती कुठेतरी आपली म्हणून उभी राहावी, एवढ्यासाठी त्याने आकड्यांची भिंत रचली होती. थोरली हलकेच आत्याला म्हणाली, "आत्या, याला ती हवी आहे गं. भाव चढतोय म्हणून नाही."

आत्याने तोंड त्याच्या दिशेने वळवलं, मग थोडं बाजूला नेलं. तसं केलं की तो तिला दिसे.

"तुला देऊ?"

धाकट्याने हा प्रश्न लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या किती वेळा ऐकला होता. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर तयार असे. आताही क्षणभर त्याच्या तळहाताला चाकावरचं कातडं लागलं.

"नको," तो म्हणाला.

"लाजू नकोस. खोलीचं बघू काहीतरी. अण्णा आहे, थोरली आहे."

"तसं नाही, आत्या. माझ्याकडे आली तर मी ती चालवणार नाही. खोळ घालून ठेवीन आणि रोज सकाळी उठून भाव बघत बसेन. मला माहितीये ना मी." त्याने समोरचं ताट उगाच सरळ केलं. "तुला रात्री धरून न्यायला माणूस पाहिजे. ते यातून होईल. विकू या."

थोरलीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. लहानपणी हा मारण्याचा प्रकार होता. आज तिने तो नुसताच ठेवला.

*

निर्णय आत्याने सांगितला तोही इस्पितळातल्या सवयीने, थोडक्यात. गाडी महिनाअखेरीस त्या गिऱ्हाइकाला द्यायची. पण तोवर ती झाकून ठेवायची नाही. चिमणी रोज बाहेर काढेल. चिमणी म्हणजे आई. लग्न होऊन आली तेव्हाच्या तिच्या चणीवरून आत्याने ठेवलेलं नाव, जे घरात दुसरं कुणी घेत नसे. मीटर वाढेल तेवढा भाव उतरेल. उतरलेल्या भावात न्हाणीघराची फरशी साधी बसवावी लागली तर साधी बसवा.

धाकट्याने तोंड उघडलं, मनातल्या मनात दर किलोमीटरचा हिशेब केला आणि तोंड मिटलं.

पुढे सगळं तसंच झालं. महिनाअखेरीस ट्रक आला, पारख्याने मीटर बघून भुवया उंचावल्या, नवा आकडा लिहिला, आणि अण्णांनी गॅरेजची मागची भिंत फोडायला घेतली. फरशी साधीच बसली. पण ते नंतरचं. त्या दिवशीची गोष्ट अजून संपली नव्हती.

आईने किल्ली घ्यायला हात पुढे केला आणि आत्या उठायला लागली, तेवढ्यात अण्णा बोलले. ते इतक्या हळू बोलले की आईला पुन्हा विचारावं लागलं.

"मी कधी बसलो नाही तिच्यात, म्हटलं."

आई थांबली. आत्याही अर्धवट उठलेली थांबली. मुलांना हे नवीन होतं. अण्णांना गाडी आवडत नाही, असंच सगळे समजून चालले होते. गुरुवारी दुपारी ते वरच्या गच्चीत काहीतरी ठोकाठोक काढून बसत. बायको गाडीतून परत येई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वारा असे, बोलण्यात काहीतरी अर्धं राहिलेलं असे, आणि ते अर्धं त्यांच्यापर्यंत कधी येत नसे. आपल्या बायकोला आपली बहीण आपल्यापेक्षा जास्त ओळखते, हे त्यांना त्या दोन आसनांनी शिकवलं होतं. याची तक्रार कुणाकडे करणार? दोघी घरातल्याच.

"तू कधी म्हणालाच नाहीस," आत्या म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस, अक्का."

"मोती जड झाला म्हणाला होतास."

"एवढं लक्षात ठेवलंस?"

"तू नाही ठेवलंस?"

आत्याने हात टेकून हळूहळू स्वतःला सरळ केलं आणि भावाच्या खांद्याला धरून दारापर्यंत आली.

"चिमणे, याला घेऊन जा."

"वन्सं, पण तुम्ही? पहिलीच खेप आहे तीन वर्षांनी."

"मी उद्या येईन. परवाही येईन. हा आज म्हणालाय, उद्या म्हणेल का सांगता येत नाही."

अण्णांनी गॅरेजचा उंबरा ओलांडला. आत शिरायला त्यांना वेळ लागला. आसन फारच खाली, आधी पाय घालावा की आधी बसावं ते कळेना. धाकट्याने डोकं आपटू नये म्हणून छताच्या कडेवर हात धरला. आईने आरसा आपल्या उंचीला फिरवला. इंजिन सुरू झालं तेव्हा अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, फोटो काढताना ठेवतात तसे. गाडी फरशीवरून अलगद बाहेर सरकली. फाटकाच्या खांबापाशी आईने वेग अगदी कमी केला. अण्णांनी बाहेर डोकावून खांबाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि ती दोघं हसायला लागल्याचं थोरलीला मागच्या काचेतून दिसलं.

आत्या फाटकाला धरून उभी राहिली. गाडी रस्त्याच्या टोकाला गेली, वळली. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. चिमणीने तिसरा टाकताना किंचित उशीर केला, नेहमी करते तसा. मग आवाज घरांमागे गेला.

पुलापर्यंत जाऊन यायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ गेला. समोरच्या घरात दिवा लागला. थोरलीने आईला फोन केला तर तो स्वयंपाकघरात वाजला; अण्णांचा फोन टेबलावर होता. ती दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेली. धाकट्याने आत्यासाठी खुर्ची आणून ठेवली, पण ती बसली नाही.

"कुठे राहिले असतील?" थोरली म्हणाली. "बंद तर पडली नसेल?"

"पुढे गेले असतील," आत्या म्हणाली. "पुलाच्या पुढे."

"तुम्ही दोघी कधी गेलात?"

"नाही. पुलाच्या पलीकडे माझा पेजर लागायचा नाही. इस्पितळातून बोलावणं आलं तर कळायला हवं, म्हणून आम्ही पुलावरूनच वळायचो. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हटलं. मग तुझ्या आईची नातवंडं आली, तिला घरी परतायची घाई. मग हे डोळे." तिने फाटकावरचा हात बदलला. "काय आहे रे पलीकडे?"

हे तिने धाकट्याला विचारलं. तो कामासाठी त्या रस्त्याने नेहमी जायचा. त्याने सांगायला सुरुवात केली. आधी विटांच्या भट्ट्या, मग काही अंतर नुसतीच शेतं. मग चढ लागतो. वर जाता जाता झाडं दाट होत जातात, एका बाजूला दरी येते, आणि माथ्यावर पोचलं की पलीकडचं सगळं खोरं एकदम समोर येतं. संध्याकाळी तिथे बऱ्याच गाड्या थांबलेल्या असतात.

आत्या मान बाजूला वळवून ऐकत होती.

"चढावर वळणं असतील."

"आहेत ना. पुष्कळ."

"कशी आहेत? दुसऱ्या गिअरची की तिसऱ्या?"

धाकट्याने आठवून पाहिलं. त्याची गाडी गिअर आपले आपण बदलायची. इतकी वर्षं तो त्या वळणांवरून फोनवर बोलत गेला होता.

"माहीत नाही, आत्या."

"राहू दे," ती म्हणाली. "चिमणी आली की विचारू."